पणजीतला तीन टिंबांचा रविवार: एका इंग्रजी वर्गाचं परीक्षण

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. दुसऱ्याचे शब्द इंग्रजीत उतरवून घेणं हे ज्यांचं रोजचं काम आहे (वकिलांकडे बसणारे, भाषांतरं करणारे, पेपरात असणारे, प्रबंध लिहिणारे) त्यांनी या वर्गाला डोळे मिटून जावं. ज्यांना 'माझं इंग्रजी जरा सुधारायचंय' एवढंच वाटतं त्यांनी दीड हजार रुपये राखून ठेवावेत. फाडफाड इंग्रजी इथे कुणी शिकवत नाही. एक रविवार, एक विरामचिन्ह, असा हिशेब आहे. स्वल्पविरामाचा रविवार वेगळा, अवतरणचिन्हांचा वेगळा. मी पैसे भरले ते तीन टिंबांच्या, म्हणजे '...' या खुणेच्या, रविवारचे.

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तीन टिंबांना दीड हजार, म्हणजे टिंबाला पाचशे." मी म्हटलं, कधी कधी चौथंही असतं. भाव तेवढा खाली आला.

वर्ग पणजीत, १८ जून रस्त्याच्या पाठच्या एका गल्लीत, जुन्या घराच्या माडीवर भरतो. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी आधी विचार करावा. शिकवणाऱ्या बाईंनी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर आयुष्य काढलं, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना टीचर म्हणतात, मीही तेच म्हणते. शिकवतात इंग्रजीत, समजावतात कोकणीत, आणि चिडल्या की दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. आम्ही मराठीत विचारलेलं सगळं त्यांना कळतं, उत्तर मात्र मराठीत येत नाही.

मी डिचोलीची. पणजीत एका वकिलांच्या ऑफिसात जुन्या पोर्तुगीज कागदांचं इंग्रजी करते. आजोबा पणजीच्या लायसियमात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेले, पहिलं पोर्तुगीज त्यांच्याकडूनच कानावर पडलं. पुढे रीतसर शिकले. गोव्यात हे काम संपत नाही. १९ डिसेंबर १९६१ला राज्य बदललं, पण जमिनी होत्या तिथेच राहिल्या आणि त्यांचे कागदही. वाद कोर्टात गेला की एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर भागत नाही. पणजोबांच्या वेळचं नोटरीकडचं खरेदीखत, वाटणीचे इन्व्हेंटरीचे कागद, कोमुनिदादीचा (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा) दाखला असं एकेक पेटीतून बाहेर निघतं, आणि न्यायाधीशांना ते इंग्रजीत हवं असतं. म्हणजे दिवसभर माझ्या हातात दुसऱ्याची वाक्यं. त्यातलं काय सोडलं हे दाखवायची छापील खूण म्हणजे ही टिंबं. म्हणून नाव घातलं.

सोबतीला मंडळी मिसळीची होती. कांदोळीच्या एका गेस्ट हाउसमध्ये रिसेप्शनवर बसणारी मुलगी, म्हापशाचे दोन ज्युनियर वकील, साखळीचा एक पोरगा जो लघुपटांना इंग्रजी सबटायटल करतो, आणि फोंड्याचे एक निवृत्त मास्तर, जे आपल्या घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहितायत, कारण नातवंडं कॅनडात.

सकाळची सुरुवात टीचरनी एका प्रश्नाने केली आणि दिवसभर तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. टिंबं दिसली की विचारायचं: इथे काही होतं आणि लिहिणाऱ्याने काढलं, की इथे काही नव्हतंच, बोलणारा बोलता बोलता थांबला? पहिलं काम वगळल्याचं, दुसरं रेंगाळल्याचं. खूण एकच, कामं दोन, आणि सगळा घोटाळा वाचणाऱ्याने एक समजायचं नि लिहिणाऱ्याच्या मनात दुसरं असायचं यातून होतो. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. दुपारपर्यंत वाटेनासं होतं.

मग थोडा इतिहास, मला हा भाग आवडला. इंग्रजी छपाईत अर्धवट तुटलेलं बोलणं दाखवणाऱ्या खुणेचं आजवर सापडलेलं सगळ्यात जुनं उदाहरण १५८८ सालचं. टेरेन्स या रोमन नाटककाराच्या एका नाटकाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यात पात्रं बोलता बोलता अडखळतात तिथे छोट्या आडव्या रेघा होत्या. टिंबांनी ती जागा पुढे हळूहळू घेतली. मास्तर लगेच म्हणाले, त्याच्या बत्तीस वर्षं आधी, १५५६ला, जुन्या गोव्यात छापखाना आला होता. टीचर म्हणाल्या, "हो मास्तर, पण तो टिंबांसाठी नव्हता आला." मास्तर हसले, पण वहीत लिहून घ्यायचं ते घेतलंच.

आता वर्गाचा सगळ्यात जोरदार अर्धा तास. टीचरनी फळ्यावर राज्यघटनेचं कलम २१ लिहिलं, पूर्ण: 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.' मग डस्टर घेतलं, 'एक्सेप्ट'पासून पुढचं पुसलं, 'लिबर्टी'ला पूर्णविराम दिला आणि अवतरणचिन्ह बंद केलं. "हे खोटं आहे का?" ज्युनियर वकिलांपैकी एक म्हणाला, शब्द तर सगळे घटनेतलेच आहेत. खरंच आहेत. पण कायद्याच्या मार्गाने स्वातंत्र्य काढून घेता येतं, हा कलमाचा निम्मा अर्थ डस्टरला लागून गेला होता. कुणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य कधीच, कशानेही हिरावता येणार नाही, असं भारताच्या घटनेने म्हटल्याचं त्या फळ्यावर छातीठोक लिहिलेलं होतं.

मग त्यांनी पूर्णविरामापुढे तीन टिंबं काढली. चार टिंबं झाली. पहिलं टिंब वाक्य संपल्याचं, पुढची तीन पुढचं काढून टाकल्याची. अमेरिकेतल्या पुस्तकछपाईत जी शिकागोची पद्धत चालते तिच्यात हे असंच करतात: उरलेले शब्द स्वतःच्या पायावर पूर्ण वाक्य म्हणून उभे राहत असतील तर पूर्णविराम शेवटच्या शब्दाला चिकटून, मग टिंबं. उरलेलं वाक्य लंगडं असेल तर तीनच. ब्रिटिश प्रकाशकांत चौथ्या टिंबाबद्दल एकमत नाही, ज्याचं घर त्याचा नियम. हे सगळे वहीत उतरवत होते तेवढ्यात टीचर म्हणाल्या, "आणि आता? आता हे खरं झालं का?"

कुणी बोलेना. कारण टिंबं आली तरी वाचणाऱ्याला एवढंच कळत होतं की काहीतरी काढलंय. काय काढलंय ते कुठे कळतं? 'एक्सेप्ट' हा शब्द काढलाय हे टिंबं सांगू शकत नाहीत. म्हणजे नियमाने चार टिंबं घालूनही माणूस फसवू शकतो, उलट जास्त सभ्यपणे फसवू शकतो. काढल्यावरही उरलेल्याचा अर्थ तोच राहत असेल तरच काढा, नाहीतर टिंबं घालू नका, वाक्य पूर्ण लिहा, शाई महाग झालेली नाही. हे शेवटचं टीचरचं वाक्य. माझी फी तिथेच वसूल झाली.

यालाच लागून जाहिरातींचा विषय निघाला. सिनेमाच्या नि पुस्तकांच्या जाहिरातीत परीक्षणातली वाक्यं टिंबं घालून छापतात, 'अप्रतिम... पाहायलाच हवा' अशी. मुळात समीक्षकाने लिहिलेलं असतं की छायाचित्रण अप्रतिम, पण असा पसरट सिनेमा झोप येत नसेल तर पाहायलाच हवा. तेव्हा या वर्गाच्या चालकांना इथेच सांगून ठेवते: माझं हे परीक्षण कुठे छापायचं झालं तर 'डोळे मिटून जावं' एवढंच उचलू नये. उकाड्याबद्दल पुढे लिहिलंय तेही घ्यावं.

उताऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी टिंबं घालायची सवय आमच्याकडे ऑफिसागणिक दिसते. टीचरनी ती बंद करायला सांगितली. अवतरणात घेतलेला प्रत्येक उतारा कुठून तरी कापूनच आणलेला असतो, त्याच्या आधी नि नंतर मजकूर होता हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. तिथे टिंबं घालणं म्हणजे पेपराच्या कात्रणावर 'हे कात्रण आहे' असं लिहिणं. म्हापशाचे वकील यावर उसळले. त्यांचं म्हणणं, निकालपत्रांत तर परिच्छेदच्या परिच्छेद गाळतात आणि मध्ये 'एक्स एक्स एक्स' अशी रांग घालतात, ते कसं चालतं? चालतं. टीचरनी ते नाकारलं नाही. अख्खे परिच्छेद गाळल्याची ती आपल्या कोर्टांतली रूढ खूण आहे, कुठे फुल्या, कुठे तारका. वाक्याच्या पोटातलं गाळायला टिंबं, परिच्छेद गाळायला फुल्यांची रांग. दोन्ही सुखाने नांदू शकतात. फक्त एका अर्जात एक पद्धत ठेवा.

इथे मधली सुट्टी झाली. मिक्स भाजी, पाव, बन्स नि चहा. भाजी चांगली होती, चहा गोड मिट्ट.

सुट्टीनंतर टीचरनी विचारलं, कुणी आपला कागद आणलाय का. मी आणला होता. आमच्याकडे आलेल्या एका पक्षकाराबरोबर पूर्वी दुसऱ्या कुठल्याशा ऑफिसात करून घेतलेलं एक भाषांतर होतं, टाइपरायटरवरचं, बार्देशातल्या एका भाटाच्या (बागायतीच्या) जुन्या खरेदीखताचं. नावं पट्टी लावून झाकली, मूळ पोर्तुगीज पानाची झेरॉक्स सोबत घेतली. भाषांतरात एकाच पानावर तीन ठिकाणी तीन टिंबं होती. वाचताना तिन्ही सारखी. मूळ पान शेजारी धरलं की तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली जागा चतुःसीमेतली. पूर्वेला अमक्याची मालमत्ता, आणि त्या अमक्याच्या जागी टिंबं. मूळ कागदात तिथे कसरीने खाल्लेलं भोक आहे. दुसरी जागा वर, नोटरीच्या ठरावीक मजकुरात. साक्षीदार ओळखीचे आहेत, कागद मोठ्याने वाचून दाखवला, वगैरे जे प्रत्येक खतात असतं ते भाषांतर करणाऱ्याने कंटाळून सोडलंय. कागद तिथे ठणठणीत आहे. तिसरी जागा सोबत जोडलेल्या छापील दाखल्यातली. क्षेत्रफळाच्या रकान्यात मुळातच छापील टिंबांची ओळ, आणि कारकुनाने ती कधी भरलीच नाही.

टीचरनी चष्मा वर केला. "हें कोणें केलां?" मी म्हटलं, आम्ही नाही. "बरं झालं," म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ त्या एका पानावर गेला. इतर लोक कंटाळले असतील. मी अजिबात नाही.

कोर्टात काय होऊ शकतं ते त्यांनी मांडून दाखवलं. इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी टिंबांचा अर्थ ठरलेला: मी काढलं. म्हणजे पूर्वेच्या शेजाऱ्याचं नाव भाषांतर करणाऱ्याने काढलं. वाद जर पूर्वेच्या सीमेचाच असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, काय लपवलंत? कसरीने खाल्लेलं भाषांतरकाराच्या नावावर जमा होतं. तिसऱ्या जागेचं उलट: रकाना कोरा होता, हा स्वतःच एक पुरावा असू शकतो, क्षेत्रफळ नोंदलंच गेलं नव्हतं याचा. टिंबांनी तो कोरेपणा झाकून टाकला, वाचणाऱ्याला वाटणार आकडा होता पण दिला नाही.

मग उपाय. कागद फाटला, खाल्ला, शाई उडाली, तर टिंबं नकोतच. चौकोनी कंसात शब्दांत लिहायचं: कागदाला भोक, साधारण दोन शब्द गेलेले. एखाद-दुसरं अक्षर वाचता येत असेल तर ते द्यायचं आणि प्रश्नचिन्ह ठेवायचं, अंदाज करून नाव पुरं करायचं नाही. मूळ कागदात जागा कोरी असेल तर कंसात तसंच लिहायचं, मूळ कागदात कोरी. मूळ लेखकानेच टिंबं घातली असतील (पोर्तुगीज पत्रांत ती असतात, भावना दाटून आली की हमखास) तर ती जशीच्या तशी ठेवायची, आणि भाषांतरकाराने स्वतः काही गाळलं असेल तर आपली टिंबं चौकोनी कंसात घालायची. मग कुठली कुणाची यात शंका राहत नाही. नोटरीच्या ठरावीक मजकुराबद्दल त्या सगळ्यात कडक होत्या. प्रमाणित भाषांतर म्हणून सही करणार असाल तर एक शब्दही गाळायचा नाही, कंटाळा आला तरी. गाळायचंच असेल तर पानाच्या माथ्यावर लिहा की हा फक्त उतारा आहे.

यातलं चौकोनी कंसाचं कुणाला नवं वाटेल, कुणाला नाही. पण तीन जागा एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवून कुणी मला कधी दाखवल्या नव्हत्या. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी त्यावरून एक छोटी पट्टी टाइप केली, कुठल्या नुकसानीला कुठले शब्द लिहायचे त्याची, आणि स्क्रीनच्या कडेला चिकटवली. आमच्या वकीलसाहेबांनी ती पाहिली, एक शब्द बदलला, आणि एक प्रत स्वतःसाठी मागितली.

दुपारचं जेवण ज्याचं त्याने करायचं. खाली उतरलं की खानावळ आहे, नुस्त्याची (मासळीची) थाळी झकास, शिवराकवाल्यांना (शाकाहाऱ्यांना) दोन भाज्या नि सोलकढी.

दुपारचा विषय रेंगाळण्याचा, म्हणजे टिंबांचं दुसरं काम. इथे साखळीच्या पोराने धमाल आणली. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून गोव्यात भरतो, त्यामुळे सबटायटल म्हणजे काय हे वर्गात कुणाला सांगावं लागलं नाही. त्याची अडचण साधी: पात्र बोलता बोलता विरघळलं तर टिंबं, पण दुसऱ्याने मध्येच तोडलं तर? टीचर म्हणाल्या, तिथे रेघ. आवाज विझला तर टिंबं, आवाज कापला तर रेघ. सासू बोलत असताना सून दार आपटते, तिथे सासूच्या वाक्याला टिंबं घातलीत तर ती आपण होऊन गप्प झाली असं वाटेल, आणि भांडणातला जीव जाईल. पोराने सांगितलं की नेटफ्लिक्सच्या इंग्रजी नियमावलीतही असंच आहे, तोडलेल्या बोलण्याला दोन छोट्या रेघा. आणि एक वाक्य दोन सबटायटलांत विभागलं गेलं तर जोडावर टिंबं घालायची नाहीत, वाक्य चालू आहे हे डोळ्याला कळतं. त्याच्या जुन्या कामात प्रत्येक जोडावर दोन्हीकडे टिंबं आहेत, निर्मात्यांनी मागितली होती म्हणे. टीचरनी हा प्रकार डेस्कवर असताना मथळ्यांतही पाहिला होता, उगाच गूढ वाटावं म्हणून.

कांदोळीच्या मुलीचं उदाहरण सगळ्यांना लागू पडलं. तिच्याकडे पाहुणे इंग्लंडचे, रशियाचे, दिल्लीचे. ती निरोप पाठवते, 'युअर रूम इज रेडी...'. एका इंग्रज बाईने उलट विचारलं, काही अडचण आहे का? अडचण काहीच नव्हती, खोली खरंच तयार होती, चादरीसुद्धा इस्त्रीच्या. मुलीने टिंबं आदबीने घातली होती, तोंडावर दार आपटल्यासारखा पूर्णविराम नको म्हणून. अनोळखी इंग्रज वाचकाला मात्र टिंबांत 'पण' ऐकू येतो. खोली तयार आहे, पण. टीचरचा हुकूम: कामाच्या निरोपात टिंबं शून्य, एक पूर्णविराम पुरे.

इथे माझं नि टीचरचं जमलं नाही. कामाच्या निरोपाबद्दल त्यांचं बरोबर. पण त्या पुढे जाऊन म्हणाल्या की घरगुती निरोपांतसुद्धा हा आळस आहे, वाक्य पुरं करायचा आळस. मला पटलं नाही. आपल्याकडे कुणी नुसतं 'बरं.' असं पूर्णविरामासकट पाठवलं तर आपण फोन करून विचारतो, काय गं, रागावलीस का? तिथे टिंबं लावली की आवाज खाली येतो. आणि फोंड्याच्या मास्तरांच्या पिढीने पोस्टकार्डावर जागा पुरवत लिहिलंय. एका वाक्यातून दुसऱ्यात जायला त्यांना टिंबंच सोपी. त्यांची नातवंडं ते वाचून आजोबा नाराज आहेत असं समजतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, हसत. मास्तरांनी नातवंडांसाठी पूर्णविराम शिकावा हे ठीक. पण सख्ख्या बहिणीला त्यांनी कसं लिहावं हे पणजीच्या माडीवर ठरू नये.

शेवटचा तास संगणकाचा, आणि तो विसविशीत झाला. टिंबांमध्ये मोकळ्या जागा सोडायच्या की नाही यावर फार वेळ गेला. शिकागोच्या पद्धतीत टिंबांच्या मध्ये जागा असते, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पद्धतीत टिंबं एकमेकांना चिकटून आणि दोन्ही बाजूंना जागा, जणू तो तीन अक्षरांचा एक शब्द. अमेरिकी कायदेलेखनात तर वाक्याचा शेवट कापला असेल तर पहिल्या टिंबाआधी जागा, आणि वाक्य पूर्ण असून पुढचं कापलं असेल तर जागा नाही. एका मोकळ्या जागेत एवढा अर्थ. शास्त्र म्हणून सुंदर आहे. पर्वरीच्या हायकोर्टात ती जागा मोजायला कुणी बसलेलं नाही. एक पद्धत निवडा आणि ती बदलू नका, हे पाच मिनिटांत सांगून झालं असतं.

उपयोगाचं जे निघालं ते असं. वर्डमध्ये तीन टिंबं टाइप केली की बहुधा आपोआप त्यांचं एकच अक्षर होतं. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, २०२६ (साल नव्हे, षोडशमान आकडा). कंट्रोल, आल्ट आणि पूर्णविराम एकत्र दाबूनही ते येतं. दिसायला फरक जवळजवळ नाही, पण शोधताना आहे: सुटी तीन टिंबं शोधलीत तर हे एकसंध अक्षर सापडत नाही. दोनशे पानांच्या अर्जात टिंबं तपासायची असतील तर दोन्ही शोधावी लागतात. जागा सोडून टिंबं घालणाऱ्यांनी साधी जागा न वापरता कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने येणारी न तुटणारी जागा वापरावी, नाहीतर एक टिंब ओळीच्या टोकाला नि दोन पुढच्या ओळीत पडतात. आणि एक भर माझ्याकडून, टीचरना हे माहीत नव्हतं: हे एकसंध अक्षर जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटात गेलं की तिथे टिंबांऐवजी भलतंच काहीतरी उमटू शकतं. मराठी-इंग्रजी मिश्र कागद जुन्या फाँटात करणाऱ्यांनी सुटीच टिंबं ठेवावीत. टीचरनी हे मात्र लगेच फळ्यावर लिहिलं, याचं मला कौतुक वाटलं.

आता तक्रारी. खोली उकाड्याची आहे. पंखा एक, तोही दाराजवळ, आणि एप्रिलात माडीवर दुपारी दोननंतर कलम २१ सुद्धा डोळ्यांपुढे तरंगतं. वाटलेल्या कागदांवर अक्षर इतकं बारीक की टिंबांच्या धड्यात टिंबंच दिसत नाहीत. त्यावर कहर म्हणजे त्याच कागदांत काही टिंबं एकसंध, काही सुटी, काही जागा सोडून, अशी तिन्ही जातीची आहेत. साखळीच्या पोराने हे दाखवलं तेव्हा टीचर म्हणाल्या, कागद भाचीने टाइप केले. एवढ्या कडक बाईंनी एकदा नजर टाकायला हवी होती. उदाहरणं बरीचशी अमेरिकन आहेत, आपल्याकडे निकालपत्रांत, सरकारी परिपत्रकांत, पेपरांत काय चालतं याचे नमुने कमी. वकील नसते तर फुल्यांच्या रांगेचा विषयच निघाला नसता. शंकांना वेळ शेवटी ठेवलाय, आणि शेवटी वेळ उरत नाही.

पैशांच्या बाबतीत चोख आहेत. आधी भरावे लागतात, पावती मिळते, नाही जमलं तर पुढच्या रविवारी बसू देतात. प्रमाणपत्र मागू नका, देत नाहीत.

जाणार असाल तर स्वतःचा कागद घेऊन जा, नावं झाकून, आणि भाषांतर असेल तर मूळ पानही. ज्यांनी कागद आणला नव्हता त्यांना त्या दिवशी निम्माच वर्ग मिळाला, असं मला वाटतं. रविवारी त्या गल्लीत गाडी लागते, बाकीच्या दिवशीचं विसरा. वर्ग दहाला सुरू होतो, पण पंख्याखालच्या खुर्च्या साडेनऊलाच भरतात, आणि तिथे बसलेला माणूस दिवसभर उठत नाही.